शब्दचर्चा: ‘विंडो’ आणि ‘वातायन’ यांचे नाते नेमके किती जवळचे?

(चौकट, तुळई, माजघर, पागोटे आणि सज्जा ही चर्चेत बोलणाऱ्यांची टोपणनावे.)

चौकट

‘इंग्रजी विंडो हा शब्द संस्कृत वातायनावरून आला’ असे वाक्य सध्या बरेच फिरते आहे. वातायन म्हणजेही खिडकीच. वात म्हणजे विंड, आणि मागे उरलेला ‘ओ’ म्हणजे झिजलेले ‘अयन’, अशी फोड सोबत असते. यात खरे किती? आणि ‘ओ’ जर अयन नसेल तर तो आहे तरी कोण?

तुळई

अर्धे खरे आहे, म्हणून जास्त फसवे आहे. ‘विंड’ आणि ‘वात’ हे खरोखरचे भाऊबंद. ‘ओ’चा मात्र अयनाशी काही संबंध नाही. तो डोळा आहे.

विंडो हा इंग्रजांचा घरचा शब्दच नाही. तो जुन्या नॉर्स भाषेतला, म्हणजे व्हायकिंगांच्या बोलीतला ‘विंडौगा’. ‘विंडर’ म्हणजे वारा, ‘औगा’ म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. त्या काळच्या लांबोळ्या नॉर्स घरांत भिंतीला किंवा छपराला धूर जायला आणि उजेड यायला भोके ठेवत. काच नव्हती, त्यामुळे त्या भोकातून पहिल्यांदा काय आत येत असेल तर वाराच. आपल्याकडे सुईच्या भोकाला आणि राजगडच्या सुवेळा माचीवरच्या आरपार खडकाला एकच शब्द आहे: नेढे. विंडौग्याला मराठीत ‘वाऱ्याचे नेढे’ म्हटले तर चित्र बरोबर उभे राहते.

इंग्रजीत याआधी दोन देशी शब्द होते: ‘एआगथिर्ल’, म्हणजे डोळा-भोक, आणि ‘एआगदुरु’, म्हणजे डोळा-दार. दोन्ही गेले. त्यातला ‘थिर्ल’ मात्र एका जागी लपून राहिला आहे. ‘नॉस्ट्रिल’ म्हणजे मुळात ‘नोसथिर्ल’, नाकाचे भोक. ‘थ्रिल’ हे क्रियापदही त्याच घरातले, मूळ अर्थ भोसकणे. थरार आरपार जातो तो असा.

माजघर

डेनिश आणि नॉर्वेजियन लोकांनी नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती केली. यॉर्क 866 मध्ये त्यांच्या हाती गेले. मग हा शब्द इंग्रजी लिखाणात थेट तेराव्या शतकाच्या सुरुवातीला का दिसतो? मधली तीनशे वर्षे तो कुठे होता?

तुळई

तोंडात होता, कागदावर नव्हता. त्या काळची लिखित इंग्रजी म्हणजे मुख्यतः दक्षिणेकडच्या वेसेक्स राज्याची प्रमाण बोली. नॉर्स वस्ती उत्तरेला. फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, 1066 पुढे, ती जुनी लेखनपद्धत मोडली आणि लोक आपापल्या बोलीत लिहू लागले, तेव्हा बोलण्यात मुरलेले नॉर्स शब्द कागदावर उतरले. शब्दाची पहिली नोंद आणि शब्दाचा जन्म यांत असे अंतर असते. व्युत्पत्ती तपासताना नोंदीचे साल म्हणजे ‘या आधी नव्हता’ असे धरायचे नाही, ‘या वेळेपर्यंत नक्की आला होता’ एवढेच धरायचे.

आयर्लंडमध्येही हाच शब्द गेला. डब्लिनला नॉर्स लोकांचा तळ 841 मध्ये पडला, आणि आयरिश भाषेत खिडकीला आजही ‘फिन्योग’ म्हणतात. तो ‘विंडौगा’च, आयरिश जिभेवर घोळलेला.

चौकट

तरी ‘औगा’चा ‘ओ’ होणे पटत नाही. ‘ग’ गेला कुठे?

तुळई

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर नियमात बसते म्हणूनच ही व्युत्पत्ती पक्की मानतात.

दोन स्वरांमधला हा ‘ग’ आपल्या ‘ग’सारखा ठोस नव्हता, घशात घासून येणारा होता, फारसीच्या ‘ग़’सारखा. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचे दोन मार्ग झाले. आसपास आ, ओ, उ असे मागचे स्वर असले की तो ओठांकडे सरकून ‘व’ झाला: ‘ड्रागन’चा ‘ड्रॉ’, ‘बोगा’चा ‘बो’ म्हणजे धनुष्य, ‘लागु’चा ‘लॉ’. आसपास इ, ए असे पुढचे स्वर असले की तो ‘य’ झाला: ‘डॅग’चा ‘डे’.

आता विंडो. नॉर्स ‘औगा’ पहिल्या मार्गाने गेला: विंडोगे, विंडोवे, विंडो. इंग्रजांचा स्वतःचा डोळा ‘एआगे’ होता, तो दुसऱ्या मार्गाने गेला आणि ‘आय’ झाला. म्हणजे ‘आय’ आणि ‘विंडो’तला ‘ओ’ हे एकाच शब्दाचे दोन वेष आहेत. एक घरी वाढलेला, एक दत्तक आलेला.

असाच ‘ओ’ ‘फेलो’मध्ये आहे. नॉर्स ‘फेलागी’. तिथेही ‘ग’ त्याच वाटेने गेला.

पागोटे

सतराव्या शतकात काही इंग्रज लेखकांनी ‘विंडोअर’ असे लिहिलेले सापडते, शेवटी ‘डोअर’ ठेवून. त्यांनाही ‘ओ’ कळेना, म्हणून त्यांनी तिथे दार बसवले. आपल्या ‘अयन’वाल्यांना तेवढाच दिलासा.

माजघर

आता वात आणि विंड यांचे नाते कसे सिद्ध होते तेही सांगा. ‘वात’ शब्दात ‘न’ नाही. विंडमध्ये आहे, लॅटिन ‘व्हेंटुस’मध्ये आहे. नुसते व-व सारखे म्हणून नाते जोडायचे असेल तर काहीही जोडता येईल.

तुळई

‘वात’ एकटा घेऊ नका, शेजारी ‘शत’ ठेवा.

संस्कृत शत, लॅटिन सेंटुम (जुना उच्चार केंटुम), इंग्रजी हंड्रेडमधला ‘हंड’. संस्कृतात ‘न’ नाही, बाकी दोघांत आहे. संस्कृत-लॅटिनमध्ये ‘त’, इंग्रजीत ‘ड’.

संस्कृत वात, लॅटिन व्हेंटुस, इंग्रजी विंड. तंतोतंत तोच नमुना.

संस्कृत, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत या ‘न’ला स्वतःचे अक्षर होते, जसे आपण ‘ऋ’ स्वर म्हणून वापरतो तसे. अशा स्वरासारख्या ‘न’चा संस्कृतात नेमाने ‘अ’ होतो. लॅटिनमध्ये ‘एन’, जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या कुळात, ‘उन’; विंडमध्ये मात्र तो आधीच्या स्वराला मिळून ‘इन’ झाला. म्हणून ‘वात’ मुळात ‘व-अ-त’ असा तीन अक्षरी होता, आणि ऋग्वेदातल्या काही ऋचांत छंद बसवायला तो आजही तीन अक्षरी मोजावा लागतो. हरवलेल्या ‘न’चा ठसा असा वृत्तात सापडतो. यापेक्षा चांगला पुरावा मागणे म्हणजे हावरटपणा.

मुळाशी धातू ‘वा’, वाहणे. ‘वाति’ म्हणजे वाहतो. शब्दशः ‘वात’ म्हणजे वाहणारा.

अक्षि आणि औगा यांचेही असेच. लॅटिन ‘ओक्युलुस’, लिथुआनियन ‘अकिस’, रशियन ‘ओको’, सगळे डोळेच. जर्मानिक शाखेत मूळ ‘क’चा ‘ग’ होणे नियमात बसते. ‘औ’ मात्र बसत नाही. तिथे ‘कान’ या शब्दाच्या ‘औ’ची लागण झाली असे मानले जाते, कारण डोळे-कान कायम जोडीने बोलले जातात. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘औगो’ आणि ‘औसो’, डोळा आणि कान. यमक जुळले आणि स्वर बदलला.

चौकट

मग दोन्ही तुकडे संस्कृत तुकड्यांचे सख्खे नातलग. तरी जोडशब्द मात्र नातलग नाही?

तुळई

बरोबर. विटा एकाच भट्टीतल्या असल्या म्हणून दोन घरे एकाच गवंड्याने बांधली असे होत नाही. ‘विंडौगा’ हा समास स्कँडिनेव्हियात झाला. जर्मनमध्ये तो नाही. तिथे लॅटिनवरून आलेला ‘फेन्स्टर’ आहे. गॉथिकमध्ये नाही. समास एवढा जुना असता की संस्कृतापर्यंत पोचावा, तर मधल्या भावंडांत त्याची काहीतरी खूण राहिली असती. ‘वातायन’ समास भारतात झाला, आणि त्याचा उत्तरार्ध वेगळ्याच धातूचा, ‘इ’ म्हणजे जाणे. अयन म्हणजे वाट. वाऱ्याची वाट.

उलट तपासणीही करता येते. वातायन युरोपात गेले असते तर कुठून? कोणत्या शतकात? मधल्या कोणत्या भाषेत त्याची पावती आहे? ग्रीक, लॅटिन, फारसी, अरबी यांपैकी कुठेच नाही. उसना शब्द वाटेत सहसा कुठेतरी मुक्काम करतो. ‘शर्करा’ बघा: फारसीत शकर, अरबीत सुक्कर, लॅटिनमध्ये, मग फ्रेंचमध्ये, मग शुगर. प्रत्येक नाक्यावर नोंद आहे.

सज्जा

डोळ्यावरून खिडकी हा विचार मात्र फार ठिकाणी सुचलेला दिसतो. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये आणले. सेंट पॉलला टोपलीत बसवून भिंतीतल्या खिडकीतून खाली सोडले, त्या वाक्यात त्याचा शब्द आहे ‘औगादौरो’, डोळा-दार. गंमत म्हणजे मूळ ग्रीक शब्द ‘थुरिस’, म्हणजे लहानसे दार. वुल्फिलाने दार ठेवले आणि डोळा आपल्या पदरचा घातला. यातले ‘दौरो’, ग्रीक ‘थुरा’, इंग्रजी ‘डोअर’ आणि आपले ‘द्वार’ एकाच मुळाचे.

रशियनमध्ये खिडकी ‘अकनो’, ‘ओको’ म्हणजे डोळा यावरून. आणि आपल्याकडे गवाक्ष.

पागोटे

गवाक्षावर थोडे थांबू, कारण इथे पाणिनीने अशी सोय करून ठेवली आहे की विंडोलाही ती लागू पडावी.

‘अक्ष्णोऽदर्शनात्’ (5.4.76). समासाच्या शेवटी ‘अक्षि’ असेल आणि त्याचा अर्थ पाहण्याचे इंद्रिय असा नसेल, तर त्याचे ‘अक्ष’ होते. म्हणून बैलाच्या डोळ्यासारखी खिडकी ती ‘गवाक्ष’. गायीचा खराखुरा डोळा सांगायचा असेल तर शेवटी ‘अक्षि’ तसाच राहतो. म्हणजे डोळा हा शब्द भोकाला वापरला की तो डोळा राहत नाही, याची व्याकरणात वेगळी नोंद आहे.

पूर्वार्धातही एक अडचण असते. गो + अक्ष यांचा नेहमीचा संधी केला तर ‘गोऽक्ष’ होईल. ‘अवङ् स्फोटायनस्य’ (6.1.123) या सूत्राने ‘गो’चे ‘गव’ होते, मग गव + अक्ष = गवाक्ष. एरवी हा बदल वैकल्पिक, गवाक्षात मात्र नित्य.

माजघर

मग कमलाक्ष? तिथे तर खरा डोळा आहे, तरी ‘अक्ष’ झाले.

पागोटे

तो बहुव्रीही आहे, ‘कमळासारखे डोळे असलेला’. त्याला वेगळे सूत्र, 5.4.113. रामायणातला गवाक्ष नावाचा वानर त्या रांगेत बसतो. खिडकीचा गवाक्ष त्या रांगेत नाही. शब्द तोच दिसला तरी समास दोन.

सज्जा

वास्तूच्या बाजूने एक भर. कलेच्या इतिहासात ‘गवाक्ष’ म्हटले की घोड्याच्या नालेसारखी कमान डोळ्यांपुढे येते. कार्ले, भाजे इथल्या चैत्यगृहांच्या दर्शनी भागावर ती आहे. कार्ल्याला खाली तीन दारे आणि वर हे एक प्रचंड गवाक्ष. चैत्यगृह लांबट, खांबांच्या दोन रांगा, आणि सगळ्यात शेवटी स्तूप. दारांचा उजेड तिथवर पुरत नाही. वरच्या कमानीतून येणारा उजेड खांबांच्या डोक्यांवरून स्तूपापर्यंत जातो. आकार आला लाकडी बांधकामावरून: वाकवलेल्या लाकडी फासळ्यांचे छप्पर पुढून पाहिले की अशीच कमान दिसते. कार्ल्याच्या छताला सागाच्या फासळ्या अजून आहेत, खडकाला त्यांची गरज नसताना. पुढे हीच कमान लहान होत होत भिंतींवरची नुसती नक्षी झाली. खिडकीचे काम गेले, नाव राहिले.

गुजरातीत ‘गोख’ म्हणजे झरोका आणि ‘गोखलो’ म्हणजे कोनाडा, ते गवाक्षाचेच वंशज.

चौकट

मराठी ‘खिडकी’त डोळाही नाही, वाराही नाही. मग काय आहे?

तुळई

दार आहे. प्राकृत ‘खडक्की’ म्हणजे छोटे दार. संस्कृत कोशांत ‘खडक्किका’ दिसते ती याच देशी शब्दाला सोवळे नेसवून. मोठ्या दरवाजातल्या लहान झडपेलाही म्हणून खिडकी म्हणत आले. ग्रीक ‘थुरिस’शी अर्थाने हिची जोडी बसते.

गोव्यात कोकणीत खिडकीला ‘जनेल’ म्हणतात, पोर्तुगीज ‘जनेला’वरून. ते आले लॅटिन ‘यानुआ’ म्हणजे दार, त्याच्या लघुरूपावरून. पुन्हा छोटे दारच. (जुन्या गोमंतकीय घरांत या जनेलांना काचेऐवजी शिंपल्याची पातळ, अर्धपारदर्शक तावदाने असत. त्या शिंपल्याचे इंग्रजी नावच ‘विंडोपेन ऑयस्टर’.) यानुआ, दारांचा देव यानुस आणि त्याच्या नावाचा जानेवारी हे सगळे ‘जाणे’ या अर्थाच्या धातूवर नेले जातात, संस्कृत ‘या’ आणि ‘इ’ त्याच कुळातले. म्हणजे वातायनातल्या ‘अयना’ला युरोपात नातलग शोधायचाच असेल तर तो लंडनच्या विंडोत नाही. पणजीच्या जनेलात आहे.

पागोटे

तावदानही घ्या. फारसी ‘ताबदान’: ताब म्हणजे तेज, उजेड, दान म्हणजे ठेवण्याची जागा, जसे पानदान. फारसीत अर्थ झरोका, मराठीत उतरून तो नुसत्या काचेच्या तुकड्यावर आला. ‘ताब’ आणि संस्कृत ‘ताप’ भाऊ, ‘दान’ आणि संस्कृत ‘धान’ भाऊ. पण म्हणून ‘तावदान हा संस्कृत तापधान शब्दाचा अपभ्रंश’ असे कुणी लिहिले तर चूक. असा समास संस्कृतात कुणी केलाच नाही. शब्द फारसीतून आला, आणि येताना आपले जुने चुलते कोण हे त्याला माहीत नव्हते. विंडो-वातायनाचा घोटाळा असा आपल्या घरातल्या तावदानावर लगेच समजतो.

सज्जा

याच जातीचा याहून मोठा चकवा फ्रेंचमध्ये आहे. छपरातल्या किंवा भिंतीतल्या गोल छोट्या खिडकीला फ्रेंचमध्ये ‘अय-द-बफ’ म्हणतात: बैलाचा डोळा. व्हर्सायच्या राजवाड्यात 1701 चे एक दालन अशाच खिडकीच्या नावाने ओळखले जाते. ‘अय’ लॅटिन ओक्युलुसवरून, म्हणजे अक्षीचा नातलग. ‘बफ’ लॅटिन ‘बोस’वरून, म्हणजे ‘गो’चा नातलग, आपण ‘बीफ’ म्हणतो तो हाच. तुकडा-तुकडा जुळवला तर अय-द-बफ म्हणजे अक्षरशः गवाक्ष! आणि तरीही दोन्ही समास स्वतंत्र. गोल भोक पाहिले, गोठ्यातला टपोरा डोळा आठवला, नाव पडले. भारतात एकदा, फ्रान्समध्ये एकदा.

माजघर

आता थोडे वापराकडे. विंडो शब्द मराठीत सरसकट ‘खिडकी’ केला की काही ठिकाणी वाक्य हास्यास्पद होते. ‘तिकीट खिडकी’, ‘एक खिडकी योजना’ ठीक, ते रुळले आहेत. पण ‘मंगळासाठीची खिडकी दर 26 महिन्यांनी उघडते’?

तुळई

ते वाक्य वाचून कुणी दुर्बीण शोधेल. तिथे विंडो म्हणजे मुदत. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या स्थितीत येतात तो थोडा काळ. मंगळयानाचे उड्डाण 5 नोव्हेंबर 2013 ला झाले ते अशाच काळात. ‘प्रक्षेपणाचा काळ’ किंवा ‘मुहूर्त’ लिहा. मुहूर्त म्हटले की काही जण दचकतात, पण ‘ठराविक काळातच काम साधते, मग नाही’ हा अर्थ त्यात पुरेपूर आहे.

रक्तचाचणीतला ‘विंडो पीरियड’ तर ‘खिडकी काळ’ मुळीच करू नये. नावावरून वाटते की या काळात काहीतरी दिसते. प्रत्यक्षात उलटे: संसर्ग झालेला असतो, पण चाचणीत अजून येत नाही. माहितीपत्रकात सरळ ‘संसर्ग असूनही चाचणीत न दिसण्याचा काळ’ लिहावे. लांब झाले तरी चालेल, कारण इथे गैरसमज महागात पडतो.

चौकट

आणि संगणकाच्या पडद्यावरची?

पागोटे

तिथे ‘खिडकी’ किंवा ‘विंडो’ दोन्ही चालतात, लोकांनी निकाल दिलेला आहे. आइसलँडच्या लोकांनी मात्र वेगळीच मौज केली. ‘विंडौगा’ त्यांच्या पूर्वजांचा शब्द, पण ते आज खिडकीला ‘ग्लुग्गी’ म्हणतात. काच नसलेल्या काळात त्या भोकावर जनावराच्या पोटातली पातळ त्वचा ताणून बसवत, उजेड यावा आणि वारा अडावा म्हणून. त्या त्वचेच्या पडद्याला ‘स्क्यार’ म्हणत. आज आइसलँडिकमध्ये स्क्यार म्हणजे संगणकाचा स्क्रीन.

माजघर

वर ‘फेलो’चे नाव आले ते तसेच राहिले. ‘फेलागी’ची फोड?

तुळई

‘फे’ म्हणजे गुरेढोरे, त्यावरून पैसा. ‘लाग’ म्हणजे ठेवणे. सामाईक धंद्यात आपले धन घालणारा तो फेलागी. थोडक्यात, भागीदार. ‘फे’ हा संस्कृत ‘पशु’चा नातलग, ‘प’चा ‘फ’ झालेला, जसा पितृचा फादर. संस्कृतात मात्र या जोडीचा समास नाही, तेव्हा तो शोधत बसू नका.